कायमचं बंद

एप्रिलचा तिसरा आठवडा. डांबर चपलेले चिकटून राहिलं होतं.
मी दुकानात. शटर वर, पंखा सुरू,
हातात पंपाची मोटर, दातात स्क्रू.
आणि मले कोणी विचारत नव्हतं.

नागपुरात एप्रिलात कूलरवाल्याले गिऱ्हाईक नाई
म्हणजे तान्ह्या पोळ्याले लाकडी बैल कोणी घेत नाई!
मी पंपावर पंप भरून ठेवले, ताट्या बांधून ठेवल्या,
म्हटलं, लोकांनी एसी घेतले असतील, बाप्पा.

मग बारापात्रे बाई आल्या, पदरानं मान पुसत.
"भाऊ, तुम्ही आहात?
आमचा पोट्टा म्हणे ते दुकान गेलं.
फोनमधे लाल अक्षरात लिहून आहे, कायमचं बंद."
मी त्यांले दुकान दाखवलं.
त्यांनी मले फोन दाखवला.

मागच्या साली बायकोच्या ऑपरेशनसाठी
मेडिकलमधे सतरा दिवस होतो, खाटेखाली झोपून.
तेव्हा कोणी येऊन गेलं असेल, कुलूप पाहिलं असेल,
आणि एका बोटानं मले उरकून गेलं असेल.
राग तरी कोणावर काढू?

चाळीस वर्षं माझा पत्ता लोकांच्या तोंडात होता:
गोळीबार चौकातून आत, आटाचक्कीच्या समोर,
ओल्या खसाचा वास येते तिथं थांबा.
चक्की गेली. चक्कीवाला पोराकडे पुण्याले गेला.
समोर सात मजले झाले,
आणि त्या सात मजल्यांले रस्ता विचारायची सवय नाई.

एक दिवस भर दुपारी स्कूटरवर एक जण आला, लालबुंद.
मनीषनगरातून आला म्हणे, नऊ किलोमीटर.
समोरच्या बिल्डिंगीत चौथ्या मजल्यावर कूलर बंद.
त्या माणसानं फोनमधे 'माझ्याजवळ' असं शोधलं होतं.
माझ्याजवळ!
त्याच्या बाल्कनीतून माझं टिनाचं छप्पर दिसते.
स्कूटरवाल्यानं मलेच विचारलं, गेट कोणीकडून आहे?
मी गेट दाखवलं. माठातलं पाणीही दिलं.
रात्री मात्र जेवण गेलं नाई.

पुतणी तेजल पॉलिटेक्निकले आहे. ती रविवारी येऊन बसली.
म्हणे, काका, व्हिडिओ काढावा लागते.
गल्ली, बोर्ड, आणि तुमच्या हातानं तुमचं कुलूप उघडताना.
तुम्ही तुम्हीच आहात हे दाखवायचं.
बोर्ड कुठं होता? कधी लागलाच नव्हता.
यादवराव पेंटरले बोलावलं, त्याले बी काम नव्हतं,
त्यानं 'नंदनवार' लिहिताना इतका वेळ घेतला
की वाटलं लग्नाची पत्रिका काढून राहिला.
मग मी किल्ली फिरवली. हात कापला.
स्वतःच्याच दुकानात घुसताना कोणी पाहून राहिलं असं वाटलं.

तेजल म्हणे, वेळ सांगा.
म्हटलं, लोक येतात तोवर.
तसा रकाना नाई, काका.
मग लिहिलं, दहा ते नऊ.

आता फोन येते. पहिला प्रश्न एकच:
"चालू आहे का?"
सुरुवातीले वाटे, त्यांच्या कूलरचं बोलून राहिले.
चौथ्या मजल्यावाला लिफ्टनं खाली आला, म्हणे,
तुम्ही इथंच होते?
एकानं एक तारा दिला. लिहिलं, दुकान लहान आहे.
खोटं काय लिहिलं त्यानं?

काल साडेआठले लाइट गेली.
गल्लीत कुत्रंही नव्हतं. घरून फोन,
भाजी थंड होऊन राहिली, काऊन बसले?
म्हटलं, नऊ लिहून दिलं आहे.
टॉर्च उभा ठेवला काउंटरवर, बोर्डाकडे तोंड करून,
आणि बसलो.
आठ चाळीस.
आठ पन्नास.