तिसरा फवारा

प्लंबर कायतान नऊ दिवस म्हणतोय,
फाल्यां येतां.
दहाव्या दिवशी मीच बसलो
लुंगी आवरून, लॉनच्या कडेला.

चार फवारे. तीन मान फिरवतात,
टिक टिक टिक, मग फर्रकन मागे.
तिसरा तेवढा एका जागी रुसून
कुंपणाच्या चिऱ्यांवर धार सोडतो.

इथे मिरच्या होत्या, हळद होती.
प्रज्वलेनं गवत अंथरलं
लग्नाच्या फोटोंसाठी.
फोटो झाले. ती लिस्बनला,
गवत माझ्याकडे.
ह्याचं लोणचंही होत नाही
आणि तहान म्हशीची.

पान्याला दाद देईना.
सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून पिळला,
तेव्हा कुरकुरत सुटला.
आत आमची बोरीची तांबडी माती,
दळून आणल्यासारखी,
जाळीवर गंजाची साय,
आणि कणीएवढी एक गोगलगाय,
भाडं न देता राहिलेली.

तिला अळूच्या पानावर ठेवलं.
बाकी सगळं बिंबलांच्या रसात.
सुलक्षा समई ह्यानंच घासते,
म्हणाली, भांडं माझं का घेतलंस?

तेहतीस वर्षं कदंबच्या डेपोत
डिझेलचे इंजेक्टर उघडले.
नोझल ते नोझल.
तार घालायची नाही, भोक रुंदावतं,
एकदा रुंदावलं की धारेला धाक राहत नाही.
झाडूचा एक हीर ओढून घेतला,
हळूच आत, हळूच बाहेर,
उजेडाकडे धरून एक डोळा मिटला.
पलीकडे आंबाड्याचं पान दिसलं,
तेवढंच, गोल.

पंप लावला.
आधी खोकला, मग तांबडी गुळणी,
मग पाणी.
आणि फिरला की!
असा फिरला, नऊ दिवसांचं उट्टं काढत,
थेट कुंपणापलीकडे
एस्पेरान्सच्या चटईवर.

शाणू! तुजें गवत की म्हजीं सोलां?

धावलो. कडी पाव फेरा आवळली.
आता पाणी चिऱ्यांच्या वीतभर अलीकडे
विचार करतं, परततं.
ओली सोलं आम्ही दोघांनी मिळून उलटली,
बोटं संध्याकाळपर्यंत जांभळी.

हात धुताना कळलं,
मुठीत एक वॉशर उरलाय.
डेपोत असतो तर बस सोडली नसती.
इथे सोडली.
टिक टिक टिक, चालू आहे.

वॉशर खिशात आहे.
कायतान आला की त्यालाच विचारीन
कुठला.
फाल्यां.