पंपाचं बटण

एप्रिलच्या सतरा तारखेला मी माती चढवली.
बारा पोती, तीन मजले.
शेवटच्या वळणावर एक फाटलं
आणि भिसीकरांच्या दारात
नर्सरीची काळीभोर माती सांडली.
झाडून दिली. फरशीच्या फटीत अजून आहे.

मोरेश्वरला दुकानात मान वर करायला वेळ नव्हता.
मार्च ते जून आमच्याकडे आधी तांब्याची तार जेवते,
मग आम्ही.
कूलरच्या जळालेल्या मोटारी रांगेत,
पोटं उघडी टाकून.
तारेवरची नजर न काढता म्हणाला,
कर तुला काय करायचं ते,
स्लॅब गळायला नको फक्त.

टमाटे, वांगी, सांबार, दोडक्याचा एक वेल.
थर्माकोलचे डबे मासळीवाल्याकडून आणलेले,
तीनदा धुतले, तरी ऊन चढलं की
गच्चीवर झिंगे आल्यासारखं वाटायचं.
बियांच्या पाकिटावर लिहिलं होतं : भरपूर सूर्यप्रकाश.
लिहिणारा सक्करदऱ्यात राहत नसावा.

पलीकडच्या गच्चीवर कांता हेडाऊ
साडीच्या तुकड्यावर मुगवड्या घालत होती.
"एप्रिलात लावून राह्यली का वो?"
हो म्हटलं.
"अन् हिरवी जाळी?"
आणते म्हटलं.
"आणजो. पण पह्यले पापडच टाक,
ते तं होतील."

जाळी आणेपर्यंत चव्वेचाळीस झालं होतं.
एका दुपारी दीड वाजता मला दया आली,
टॉवेल डोक्याला गुंडाळून गेले, पाइप धरला.
पाइपात जे आधीपासून पडून होतं
ते पाणी चहाचं होतं.
सांबार माझ्या डोळ्यांदेखत शिजला.
वासही आला, खरंच, चांगला वास.

टमाटे त्याच आठवड्यात गेले.
मी त्यांना आणखी चार दिवस पाणी घातलं.

जून सरता सरता ऊन उतरलं, घाम राहिला.
ढग येऊन बसले पाहुण्यासारखे,
जेवत नव्हते, उठतही नव्हते.
वांग्याच्या पानांमागे पांढरा कापूस.
नखाने काढला. परत आला.
कडुनिंबाचं तेल मारलं, तर वांगंच मान टाकून बसलं.
दोडक्याला फुलं आली, बावीस,
सगळी नर.
"मोजून काय पाह्यतं," कांता म्हणाली,
"घरोघरी तसंच आहे बाप्पा."

आणि कूलरच्या खाली,
जिथे उन्हाळाभर नळीतून थेंब थेंब गळत होतं,
कठड्याच्या आणि स्लॅबच्या भेगेत,
जिथे मी कधी चमचाभर माती टाकली नाही,
तिथे चिवळ.
तांबूस देठ, तांदळाच्या कणीएवढी पानं,
पसरलेली, बिनधास्त,
वीतभर रुंद.
मी आधी तिला घाण समजून उपटायला वाकले होते.

एकदा खुडली. मुगाची डाळ, लसूण, दोन लाल मिरच्या.
दोघांना तीन-तीन घास.
मोरेश्वर म्हणाला, बाजारातली आहे का?
मी म्हटलं, भेगेतली.
त्याने ताट पुसून खाल्लं
आणि मग वर जाऊन भेग पाहून आला.

आता हवेतच इतकं पाणी आहे
की कूलर लावला तर अंथरूण चिकटतं.
आठवडा झाला, बंद आहे.
नळी कोरडी. चिवळीची पानं मिटलेली,
टोकं पिवळी.
बादलीने घातलं तर वाहून जातं,
तिला थेंबांचीच सवय.

रात्री दोन वाजता उठले.
पंख्याचं बटण सोडलं, पंपाचं दाबलं.
वाळलेल्या वाळ्यावर पाणी चढलं,
सरकत सरकत खाली आलं,
आणि बाहेर अंधारात, टप्,
बऱ्याच वेळाने, टप्.

मला वाटलं तो झोपलाय.
"पंखा बंद आहे," तो म्हणाला.
"माहीत आहे."
"मग?"
"भाजीला."

कुशीवर वळला.
खूप वेळ काही नाही.
मग म्हणाला,
"पंप खरखर करतोय.
उद्या दुकानात नेतो."