खळ

चाळीस वर्षं मी सांगलीत पुस्तकं बांधली,
पेठेमागच्या एका बोळात.
खतावण्या, पंचांगं, सोसायटीची जाडजूड लेजरं.
हाताला खळीचा वास इतका
की हौसा ताट पुढं करता करता म्हणायची,
आधी हात धुवा, भाकरी चिकटंल.

आता तिची बोटं आखडतात.
वाकळ भुईवर अंथरून, गुडघ्यांवर रांगत
वीत-वीत अंतरावर कच्चा टाका घालायचा,
वर जुनेर, मधे धडपी, खाली कुणाचं तरी नेसूचं,
नीट शिवून झालं की तोच टाका
उसवून फेकायचा.
भिलवडीत असं रांगणारी ती एकटीच उरली.

मी म्हटलं, खळ लावून बघू.
ती हसली. मग हसायची थांबली.
मुंग्या लागतील, म्हणाली. झुरळं येतील.
आन् कुणाची वाकळ पापडागत कडकडली
तर मजुरी कोण दील?
मी म्हटलं, पुस्तकाच्या खळीत मोरचूद असतो,
कीड लागू नये म्हणून.
ही तशी नाही.
ती खळ राहायला असते,
ही जायला.

मैदा, पाणी, मंद आच, एकाच दिशेनं ढवळणं.
ताकापेक्षा किंचित दाट.
शाळू टोकावा तसे बोटानं ठिपके दिले,
पदरावर पदर बसवला,
तळव्यानं सुरकुती मधून कडेला सारत नेली,
जशी पुठ्ठ्यावरच्या कापडाची न्यायचो.
वरून इस्त्री.
वाफ उठली तेव्हा घरभर
माझ्या दुकानाचा वास.
हौसा काही बोलली नाही, दार मात्र उघडं टाकलं.

नऊ संध्याकाळींचं काम चारांत उरकलं.
सुई अडायची, ती केसांतून ओढून घ्यायची.
वाकळ तांबोळ्यांच्या रेश्माची,
बाळंतपण करून पुण्याला परत निघालेली.
नेऊन देऊ का, म्हटलं,
तर हौसा माझ्याकडं बघतच राहिली.
खळीसकट? लोकाच्या अंगावर?

घट बसायला तीन दिवस होते.
घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती,
साऱ्या गावाचं अंथरूण-पांघरूण कृष्णेत.
आम्ही दोघांनी दोन टोकं धरून वाकळ बुडवली.
आधी ती तरंगली, पुठ्ठ्यासारखी ताठ.
मग वजन आलं. मग एकदम
हातातल्या हातात ती सैल पडली,
आणि पाणी दुधाळ झालं.

हे मी आधी एकदा बघितलंय.
पुराच्या साली, पाणी ओसरल्यावर बोळात गेलो
तेव्हा लेजरं फुगून टम्म झाली होती,
कणे सुटलेले, पानं पानांना सोडून.
मोरचूद घातलेलीसुद्धा.
हौसाला तेव्हा इतकंच सांगितलं होतं
की दुकान धुऊन निघालं.

पिळताना एका कोपऱ्यात पदर सुटला,
वीतभर, तोंड उघडल्यासारखा.
टाकाच नव्हता तिथं.
धरलंय म्हणून ती पुढं गेली असणार,
आणि धरलं होतं, खळीनं.
हौसानं बोट आत घालून बघितलं.
माझं नाव घेतलं नाही.
पदराची सुई काढली, परत खोवली.
ओल्यात टाका घोळतो, म्हणाली, वाळू दे.

पायरीपाशी बारके मासे आले होते,
पांढऱ्या पाण्याला तोंड लावत.
शेजारी धुणारी पोरगी ओरडली,
काकी, काय सांडलंस गं?
हौसा म्हणाली, ह्यांचा पगार.

दोन दिवस वाकळ कट्ट्यावर वाळली.
वारा आला की तेवढा कोपरा फुगायचा,
बाकी सगळी गप्प.
तिसऱ्या दिवशी तिनं तो शिवला,
दुहेरी दोऱ्यानं, लागतात त्यापेक्षा जास्तच टाके घालून,
आणि दोरा दातानं तोडता तोडता विचारलं,
दुहेरी पलंगाच्या वाकळंला
मैदा किती लागंल?