रांजणवाडी

कुपी बोटाच्या पेराएवढी,
पण डॉक्टर पिरजादे ती दोन्ही हातांनी उचलतात.
शंभर मायक्रोलिटर. म्हणजे दोन थेंब,
तिसरा असलाच तर बुडाशी चिकटलेला.
किंमत विचारू नका. मी विचारली होती:
माझा दीड महिन्याचा पगार.
थर्मोकोलच्या पेटीत, अर्धा बर्फ वितळून,
कसारा घाटात चार तास अडकून
ती काल संध्याकाळी कॅनडा कॉर्नरला पोचली.

दूर कुठेतरी, कुठल्याशा सशाला
एका प्रथिनाचा तुकडा टोचला होता.
सशाला काय ठाऊक ते काय आहे.
आपलं नाही, एवढं त्याच्या रक्ताने ओळखलं
आणि मग ओळखतच राहिलं.
तो ससा आता नसेल.
त्याची ओळख माझ्या फ्रिजमध्ये आहे,
दाराच्या कप्प्यात नव्हे, आत, मधल्या खणात.
लाईट गेली की इथे आधी तिच्याकडे धावतात,
मग लिफ्टमध्ये अडकलेल्यांकडे.

ब्लॉक चारशे सतरा.
सुगंधा काशिनाथ लिलके, वय अठ्ठावन्न, तालुका दिंडोरी.
डाव्या डोळ्याची वरची पापणी.
तुकडा तिळाएवढा.
व्यवसाय: द्राक्षबागेत मजुरी.
आणि खाली, घाईच्या अक्षरात: गाठ तिसऱ्यांदा.

पहिल्यांदा सगळे रांजणवाडीच म्हणाले असणार.
लवंग उगाळून लावली असेल,
तळहात तळहातावर घासून शेकलं असेल.
दुसऱ्यांदा कुणी कापून काढली,
तुकडा तपासायला पाठवला नाही.
बादलीत गेला.

मी पट्ट्या कापते, तीन मायक्रॉनच्या,
त्यांच्यापुढे कांद्याचा पापुद्रा म्हणजे गोधडी.
कोमट पाण्यावर पसरतात.
श्वास धरून काचेवर घेते.
मग झायलीन, अल्कोहोल, मग कुकर.
हो, घरी असतो तोच, पाच लिटरचा.
नव्या अश्लेषाला पहिल्याच दिवशी सांगितलं,
यात खिचडी लावायची नाही.

एक गोष्ट मात्र बावीस वर्षांत मला पचलेली नाही.
खूण हवी असते चरबीच्या थेंबाची,
पेशीने पोटाशी धरलेल्या,
आणि तो तर कधीच गेला.
आम्हीच धुऊन टाकला, ब्लॉक करताना.
उरते एक गोल पोकळी
आणि तिच्या काठाला ते प्रथिन,
थेंबाची राखण करणारं.
राखायला आता काही नाही,
हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.
ससा त्यालाच शोधतो.

एकास दोनशे पातळ करून सोडते.
ओल्या डब्यात, तासभर.
शेजारच्या काचेवर तोच तुकडा, ससा न घातलेला.
ती कोरी राहायला हवी,
नाहीतर जे दिसतं ते आपल्याच डोक्यातलं.

तासात डबा खाल्ला. भेंडी होती.

मग तपकिरी, मग निळा.
भिंगाखाली आधी नुसती निळी गर्दी
आणि एकाएकी कडी,
कडी, कडी, बारीक, तपकिरी,
आत काहीही नाही.
रस चोखून टाकलेल्या द्राक्षांच्या साली
घडच्या घड.
कोरी काच कोरीच होती.
ती मी दोनदा पाहिली.

निदान लिहिणं माझं काम नाही.
ट्रे घेऊन वर जाते.
डॉक्टर बराच वेळ बघतात, चहावर साय धरते.
मग म्हणतात, गांगुर्डे बाई,
फॉर्मवर फोन नंबर आहे का त्यांचा?

आहे. शेजाऱ्याचा.
शेवटचा आकडा घामाने फुटलाय,
कडी मिटली असेल तर आठ,
उघडी राहिली असेल तर तीन.

मी आधी आठ लावते.