प्रश्न क्रमांक तेवीस

बॅलार्ड इस्टेट, तिसरा मजला, मसुदा क्रमांक आठ.
देशातलं दारिद्र्य पंधरा वर्षांत निम्म्यावर आणायचंय
आणि साडेपाचला अध्यक्षांचं विमान आहे.

माझ्याकडे परिशिष्ट ‘क’, कुटुंब पाहणीची प्रश्नावली.
भिंत कशाची, छप्पर कशाचं,
पाणी किती पावलांवर.
तेविसावा प्रश्न : घरात विजेचा पंखा आहे का?
होय म्हटलं की गरिबीचे चार गुण कापले जातात.

आमच्याकडे होता.
वडाळ्याला, कोरबा मिठागरात.
निळा टेबलफॅन, जाळी नसलेला,
आईनं इद्रिस भंगारवाल्याकडून
दोन साड्या आणि वर पंचवीस रुपये देऊन घेतलेला.
तो उजवीकडे वळायचा, डावीकडे नाही.
म्हणून आम्ही सगळे उजवीकडे झोपायचो.

पाहणीवाले आलेत, ही बातमी
पाहणीवाल्यांच्या आधी गल्लीत शिरायची.
सेल्वीचा मिक्सर शेगडीमागे,
जैबुनखालाचं शिलाई मशीन चादरीखाली, वर कुराण,
म्हणजे कोणी हात लावणार नाही.
आईनं पंखा फिरता फिरताच उचलला,
वायर ओढली,
आणि तांदळाच्या पिंपात ठेवला.
महिनाअखेर होती.
घरातली सगळ्यात मोठी रिकामी जागा तीच.
झाकणावर बाबल्याला बसवलं. हूं नाही, चूं नाही.

पावसकर नावाचे गृहस्थ. शाळामास्तर.
बगलेत फाइल, पँटवर मिठागरातल्या चिखलाचे पांढरे डाग.
पंखा?
नाही हो, आमच्याकडे कुठला.

पाती अजून थांबली नव्हती.
बाबल्याच्या खालून, पत्र्याला लागत,
खट्... खट्...
मग बराच वेळानं
खट्.

पावसकरांचं पेन थांबलं.
त्यांनी बाबल्याकडे पाहिलं, कितवीत रे तू?
दुसरीत.
बे आठे?
सोळा.
शाबास, म्हणाले, आणि लिहिलं : नाही.

कानाडोळा म्हणतात ह्याला आपल्यात.
कान आहे त्यात, डोळाही आहे.
नुसत्या आंधळ्याला तो करता येत नाही.

पिवळं कार्ड आलं. त्याच्यावर मी दहावी झाले,
पुढचंही झाले, आणि आता इथे
माझ्या नावाची पाटी आहे, पाण्याची बाटली आहे.

गल्लीच्या टोकाला भिकीबाई राहायची.
पाहणीच्या दिवशी ती शिवडीला कापूस वेचायला गेलेली, घराला कडी.
तिच्याकडे पंखा नव्हता.
कार्डही आलं नाही.
आमच्या घरी तांदूळ आला की आई तिला वाटीभर द्यायची,
कधी रोजची वाटी, कधी बाळंतपणात मिळालेली मोठी.
का, ते मी आईला विचारलं नाही,
आणि आज इथेही सांगणार नाही.

डॉ. हट्टंगडी पडद्यावर आकडा दाखवतात :
अपात्र लाभार्थी, अकरा पूर्णांक चार टक्के.
ही गळती आहे, त्या म्हणतात. त्यांचं चूक नाही.
त्या ‘पूर्णांक चार’मध्ये कुठेतरी आमचा पंखा फिरतोय,
उजवीकडे.

प्रश्नच काढून टाकू, त्या म्हणतात.
मीटरचे आकडे थेट वीज कंपनीकडून घेऊ.
मध्ये माणूस नको. माणूस चुकतो.

सगळ्यांना पटतं. मलाही अर्धं पटतं,
भिकीबाई आठवते तेव्हा.
तरी तोंडातून जातंच :
आणि मग कानाडोळा कोण करणार?

‘काय म्हणालात?’
मी पुन्हा म्हणत नाही.
कुणीतरी घड्याळ बघतं.

इतिवृत्तात लिहिलंय :
एका सदस्येनं भाषेसंबंधी शंका उपस्थित केली.
प्रश्न तेवीस वगळण्यात आला.
पुढचे क्रमांक त्यानुसार बदलावेत.

बदलत बसलेय.
चोविसावा आता तेविसावा :
घरात धान्य साठवण्याचं पिंप आहे का?
असल्यास, उघडून पाहावे.