नवा फ्लॅश, नारीन

बिश्केकहून खोकं आलं मिनीबसनं,
ड्रायव्हरच्या सीटखाली, कलिंगडांना टेकून.
मुठीएवढा फ्लॅश, घडीची पांढरी छत्री,
आणि एक रिफ्लेक्टर,
जो पिशवीतून सुटला तो थेट जाउकुलच्या कानशिलावर.

पहिली तालीम स्वयंपाकघरात.
पुस्तिका म्हणते, उजेड छताकडे फेका,
मऊ होऊन खाली येईल.
मी फेकला.
छतानं गिळला.
चाळीस हिवाळे शेणीचा धूर खाल्लेलं छत,
त्याला काय ठाऊक परतफेड!

उपुलकान आजी स्टुलावर ताटकळलेली,
पेन्शनच्या फोटोसाठी ठेवणीतला रुमाल बांधून.
"तुझी वीज चमकते खरी," म्हणाली,
"पडते कुठं, कोण जाणे."

मग अंगणात.
छत्री स्टँडवर चढवली, इतक्यात डोंगरावरून वारा आला
आणि छत्री मेंढ्यांत जाऊन उतरली.
मेंढ्या बाजूला सरल्या,
पाहुण्याला जागा करून द्यावी तशा.

आणि हा रिफ्लेक्टर! घडीच होत नाही.
मनगट वळवून आठाचा आकडा करायचा म्हणे.
मी, जाउकुल, शेजारचा पोस्टमन,
तिघंही त्या चकतीशी कुस्ती खेळतोय,
आजी तोंडावर हात न्यायचं विसरून हसतेय,
आणि गळ्यातल्या कॅमेऱ्यावर
माझं बोट कधी पडलं कळलंच नाही.

फ्लॅश पेटला नव्हता.
फोटो करडा, जरासा तिरका,
वरचे दोन दात नाहीत ते स्पष्ट दिसणारा.
कचेरी घेणार नाही.

आजीनं पडद्यावर बराच वेळ पाहिलं.
"हा मला दे," म्हणाली,
"तोंड मिटलेली उद्या काढ, सरकारसाठी."