कडी

व्हिडिओ अठ्ठेचाळीस सेकंदांचा.
मीच काढला, डाव्या हाताने, हलत हलत,
कारण उजव्या हातात डबा होता.
मानखुर्दला, खाडीच्या अंगाला आमचा संडास.
बायकांच्या बाजूला सहा दारं,
सहाही दारांना आतून कडी नाही.
बाहेर पालथ्या बादलीवर कौतिकाबाई,
पोर आत असेतो दार ओढून धरणारी.
तिचा चेहरा नाही त्यात. फक्त हात,
गंजलेल्या भोकात अडकवलेली दोन बोटं,
आणि आवाज:
"उरक गं बाई, बोट आहे माझं, बोल्ट नाही."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
इथे उघडी दोन बोटं,
रात्रीत सव्वा लाख,
सकाळच्या चहापर्यंत तीन.
कुठल्या नटीने जोडलेले हात टाकले.
डोंबिवलीच्या एका मास्तरांनी सात परिच्छेद लिहून
"आपल्याला जाग कधी येणार?" असं विचारलं
आणि खाली स्वतःच तीनदा उत्तर दिलं.
कुणी माझा ऱ्हस्व-दीर्घ सुधारला.
कुणी म्हणालं, आधी झोपडी कायदेशीर आहे का ते बघा.
कुणी त्या बोटांचं स्टिकर केलं.
लोक आता ते एकमेकांना पाठवतात
लग्नाला निघताना, "आवर लवकर" म्हणून.

एवढं कौतुक झालं कौतिकाबाईचं
आणि संध्याकाळी ती तिथेच, बादलीवर.
मी आकडा दाखवला.
"एवढे अंगठे?" ती म्हणाली.
"मीपण उठवला होता एक, एकोणीस सालच्या अर्जावर.
त्यांनी त्यांचा दाखवला."

चौथ्या दिवशी शहराला दुसरं काही सापडलं:
पवईच्या टॉवरमधला कुत्रा, आणि लिफ्ट.
रागवायला हवं होतं मी.
पण खरं सांगते, मीही पाहिला तो कुत्रा, दोनदा,
आणि अंगठा दिला.

नवव्या दिवशी कुरियर आलं.
इचलकरंजीचे कुणी म्हेत्रे, हार्डवेअरवाले.
आत सहा कड्या, चोवीस स्क्रू
आणि वहीच्या कागदावर:
"दार लोखंडी असेल तर स्क्रू चालणार नाहीत. वेल्डिंग करून घ्या."
दारं लोखंडीच होती.
वेल्डिंगला वीज लागते, विजेला परवानगी,
आणि संडास पालिकेचा.

म्हणून गेलो वॉर्डात, सतरा जणी.
तेच टेबल, तोच पंखा,
"साहेब साइटवर आहेत" म्हणणारा तोच कारकून.
त्याने मान वर केली,
कौतिकाबाईच्या हाताकडे पाहिलं जरा जास्त वेळ,
आणि उठून तिला खुर्ची दिली.

एवढंच.
तीन लाख माणसांनी मिळून पुढे सरकवलेली
एक प्लास्टिकची खुर्ची, एक पाय डुगडुगणारा.
मी रात्री कधी कधी हिशोब मांडते.
त्या खुर्चीवर ती चार तास बसली.
उभी ठेवली असती तर तासाभरात परत फिरली असती,
गुडघे तसेच आहेत तिचे.
चौथ्या तासाला साहेब साइटवरून आले.
सही झाली.

तर मग कडी कुणी बसवली?
मला अजून नीट सांगता येत नाही.
चार दारांना बसली.
पाचव्याचा पत्राच वेल्डिंगला गळून पडला.
सहावी कडी दुसऱ्याच रात्री कुणीतरी उपटून नेली.
कुणाच्या दाराला आहे ते आम्हाला ठाऊक आहे.
तिला तीन पोरी आहेत, नवरा रात्रपाळीला.
त्याचा व्हिडिओ मी केला नाही.

काल पहाटे आत गेले, कडी लावली.
खट्.
फटीतून दिसलं, सवयीने
तिची दोन बोटं दारावर होतीच.
"सोड की आता, मावशे."
"थांब," ती बाहेरून म्हणाली,
"आधी बघू तर दे, धरते का ती."